पहिली एरर वाचणाऱ्या बाई

मनीषाने सगळा प्रोग्राम पुसून टाकला. दीड तास बसून लिहिलेला. आधी सहा एरर होत्या, दुरुस्त करता करता तिने एकतीस केल्या आणि मग कॉम्प्युटरचा पडदाच कोरा केला. प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी होतं, तेही तिसऱ्या खेपेचं. माझी ही नात दोनदा नापास झाली होती. तिच्या बापाने शिंदखेड्याहून फोनवर बजावलं होतं, "आते नापास व्हयनी ते घर ये. सोयरीक तयार शे."

शिकवणाऱ्या बाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी ना पाठीवर हात ठेवला, ना समजूत काढली. "पुसायला कोणी सांगितलं? लिही परत," म्हणाल्या आणि उरलेला चहा संपवला.

बाई जळगावच्या. धुळ्यात माझी पुढची खोली भाड्याने घेऊन कॉलेजच्या पोरींना जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायच्या. पोरी त्यांना मागून 'पहिली मॅडम' म्हणत. कोणी रडत आली तरी बाईंचा प्रश्न एकच, "पहिली कोणती?" पडद्यावर लाल ओळी कितीही असोत, सगळ्यात वरची वाचायची, तेवढीच दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवून बघायचं. "खालच्या बहुतेक वरचीचीच पिल्लं असतात," असं त्या म्हणत. मनीषा नेमकी शेवटून सुरुवात करायची. घर झाडतानासुद्धा दाराकडून आत झाडत येणारी पोरगी, दुसरं काय करणार!

बाईंची दुसरी खोड मला तापदायक होती. एरर समजली नाही की त्या पोरीला माझ्या स्वयंपाकघरात धाडत. "अक्कांना सांग. अक्कांना कळलं तर तुला कळलं." मी चौथी शिकलेली, हात पिठात. एकदा मनीषा येऊन म्हणाली, "अक्का, वाहन हा मूळ क्लास, म्हणजे साचा. रिक्षा त्याच्यावरून बनवली. तरी कॉम्प्युटर म्हणतो, नंबर मिळाला नाही."

"मंग दे ना नंबर."

"दिलाय की, रिक्षाला."

"आन वाहनले?"

ती उठून पळाली, वाहनाला नंबर दिला आणि एरर गेली. माझी भाजी करपली. बाहेरून बाई ओरडल्या, "अक्का, उद्यापासून तुम्हीच बसा या खुर्चीत!"

"बसते. भाजी तुम्ही करा," मी म्हटलं. त्यांना भाजी येत नव्हती.

एकदा तर भर शिकवणीत त्यांनी न विचारता माझ्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यात हात घातला. मी हातावर सणसणीत फटका दिला. पोरी दचकल्या. बाई शांतपणे त्यांच्याकडे वळल्या. "हे प्रायव्हेट. डबा अक्कांचा. आतलं हवं असेल तर अक्कांकडे मागायचं, त्या काढून देतील. थेट हात घातला की एरर." मग तोच हात माझ्यापुढे केला, "अक्का, एक बिबडा द्या." द्यावा लागला.

तर त्या दिवशी मनीषाने प्रोग्राम पुन्हा लिहिला. पाच एरर आल्या. पहिली दुरुस्त केली, पाचही गेल्या. बाईंना जळगावला कॉलेजात नोकरी लागली होती, सकाळच्या गाडीने त्या जाणार होत्या. बॅग बांधता बांधता म्हणाल्या, "उद्या मी नसेन, अक्काही नसतील. पहिली वाच आणि मनातल्या मनात अक्कांना सांग." मला म्हणाल्या, "येते." मी म्हटलं, "किल्ली खुंटीला लावा."

परीक्षेत बारा एरर आल्या. मनीषा सांगते, तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. रिक्षाने वाहनाच्या आतली प्रायव्हेट वस्तू थेट उचलली होती. बारा जागी तोच हात घातलेला.

"अक्काकडे मागायचं," ती पुटपुटली.

परीक्षकांनी मान वर केली. "कोण अक्का?"

"घरी असते, सर."

"मग घरी जाऊन बोल."

मनीषाने बाराही जागी थेट उचलणं खोडून मागून घेणं लिहिलं, तशा एरर गेल्या.

निकाल लागल्यावर तिने बाईंना फोन केला. बाईंनी शाबासकी दिली नाही. विचारलं, "पहिली कोणती होती?" मनीषाने सांगितली. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या खोलीत आता शिलाई मशीन आहे. मनीषा अजून धुळ्यातच शिकते आणि झाडू मात्र अजून दाराकडूनच मारते.

त्या खेपेला पुन्हा बसलेल्या नऊ पोरी होत्या. तीन पास झाल्या. मनीषा त्यातली एक.