जहाज मागं फिरलं का?

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्यानं राग मानू नये. रेजिना टीचर असत्या तर हे आधी त्यांना दाखवलं असतं, आणि त्यांनी पाटीवर लिहिलं असतं, “हे काय गे, अक्षरं की मुंग्या?” आता त्याच नाहीत. चुका राहतील तशा राहू देत…

लग्न झाल्यापासून मी अर्नाळ्याहून शेजारच्या वटार गावात मासे विकायला जाते. त्या सकाळीही गेले. चर्चची घंटा एकेक ठोका थांबून थांबून वाजत होती. कोणीतरी गेलं, एवढं कळलं. टीचरच्या गल्लीत वळले तर त्यांच्या फाटकासमोर टेम्पो उभा होता आणि दोघं जण त्यातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरवत होते. मी कोणाला काही विचारलं नाही. मयताच्या घरात मासे कसे न्यायचे, म्हणून टोपली कुंपणाबाहेर ठेवली आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा मांजरांनी अर्धी टोपली संपवली होती. त्यांना हाकलायलाही माझा हात उठला नाही.

टीचर वसईच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, घरात एकट्या. आमची ओळख झाली ती माझ्या लाजण्यामुळे. मला ओरडून मासे विकता येत नाहीत. मी फाटकाशी उभी राहते आणि कोणी बघेपर्यंत थांबते. एकदा टीचर झाडांना पाणी घालता घालता म्हणाल्या, “कोळीण आणि गप्प? हा मासा मी पहिल्यांदाच बघते आहे. अगं, तुला विकायचंय की दाखवायचंय?” मी पदर तोंडावर घेतला. त्या एवढ्या हसल्या की पाण्याचा पाइप माझ्याच अंगावर आला. तेव्हा त्यांचा आवाज मोठा होता, तीन वाड्या पलीकडे जायचा. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. श्वासासाठी मानेला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. बोलणं पाटीवर. मी काटे काढून बोंबील द्यायचे, त्या लिहायच्या, “आज दोघी सारख्या. तूही मुकी, मीही मुकी.”

माझा मुलगा हरेश्वर मालवाहू जहाजावर खलाशी होता. आमच्यात दर्यावर निघालेल्याला ‘कुठं चाललास’ असं विचारत नाहीत, अपशकुन होतो. तो निघाला तेव्हा मीही काही विचारलं नाही. “ये,” एवढंच म्हटलं. गेल्या साली पावसाळा सरता सरता कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. टीचरनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग खडू हातात घेतला आणि लिहिलं, “हरेश्वर जहाजावरून बेपत्ता.” …ती अक्षरं मला अजून दिसतात. ‘बेपत्ता’मधला ‘त्ता’ त्यांनी दोनदा गिरवला होता.

त्यांनी कंपनीला किती मेल लिहिले. उत्तर एकच, चौकशी चालू आहे. शेजारच्या शिकलेल्या सुनेनं ऑफिसात फोन लावला. अर्धा तास बोलली आणि मला म्हणाली, “मावशी, ते बघतो म्हणतात. तुम्ही देवाचं नाव घ्या.” ती माझ्याकडे न बघता बोलली. त्यानं माझा जीव आणखी जळाला.

मग जहाजावरच्या आचाऱ्याचा निरोप आला. हरेश्वरचा मित्र, फिलिपिन्सचा. तो नोकरी संपवून जहाजावरून उतरला की मला फोन करणार होता. लेखी काही देणार नव्हता, घाबरत होता. आमच्याशी बोलायला त्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. मी म्हटलं, त्या सुनेलाच बसवते. टीचरनी पाटी माझ्यासमोर आपटली. “दुसऱ्याच्या तोंडून विचारशील, तर उत्तरही दुसऱ्याच्या तोंडून येईल. गाळून येईल.”

“टीचर, मला मराठीत विचारता येत नाही. इंग्रजीत काय विचारू?”

“जे झालं ते.”

असा आमचा वर्ग सुरू झाला, मासे विकून झाल्यावर, पडवीतल्या बाकावर. त्या नुसते ओठ हलवायच्या, आवाज मी काढायचा. बरोबर आलं की टाळी, चुकलं की बाकावर टकटक. मी म्हणायचे, “यू सॉ माय सन.” टकटक. “हे विचारणं नाही, सांगणं झालं. आधी ‘डिड’.” मी म्हणायचे, “डिड यू सॉ?” पुन्हा टकटक. पाटीवर यायचं, “झालेल्या काळाचं ओझं ‘डिड’नं उचललं ना? मग आणखी एक टोपली ‘सी’च्या डोक्यावर कशाला? डिड यू सी.” ही गोष्ट मला कळली. सकाळी फाटक उघडण्याआधी त्या मला विचारायला लावायच्या. डिड यू स्लीप? व्हॉट डिड यू ईट? त्या मानेनं नाहीतर पाटीवर उत्तर द्यायच्या. एकदा मीच विचारलं, “व्हॉट डिड द कॅट ईट?” आणि रिकामी बशी दाखवली. टीचर इतक्या हसल्या की मानेच्या भोकातून शिट्टीसारखा आवाज आला, मग मीही हसले. मुलगा गेल्यावर तेव्हाच एकदा हसले असेन.

पण एक प्रश्न माझ्या तोंडातून निघत नव्हता. आमच्या गावात होडीतून माणूस पडला तर होडी मागं फिरते. ते कोणाला सांगावं लागत नाही. मला तेवढंच हवं होतं, त्यांचं जहाज फिरलं का. शेवटच्या भेटीत टीचर दुखण्यानं बिछान्यात होत्या. त्यांनी बोटानं खूण केली, म्हण. मी म्हटलं, “डिड द शिप…” पुढचे शब्द निघेनात. टीचरनी माझा हात धरला आणि उरलेलं ओठांनी पुरं केलं. टर्न बॅक. आवाज दोघींचाही नव्हता.

त्या गेल्यावर आठवड्याच्या आत फोन आला. भर दुपारी मी बांबूवर बोंबील वाळत घालत होते. मालक, हरेश्वरचे वडील, शेजारी जाळं शिवत होते. कोणाला बोलवायला वेळच नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर तो आचारी दिसला, बारीक, डोळे लाल. “मदर,” म्हणाला.

मी म्हटलं, “डिड द शिप टर्न बॅक?”

एका दमात निघालं. तो म्हणाला, “येस, मदर. बट लेट. कॅप्टन वेट फॉर ऑफिस.”

एवढं इंग्रजी मला कळलं. कप्तान ऑफिसच्या हुकुमाची वाट बघत थांबला होता. कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. तो फोन ठेवेल म्हणून भीती वाटली आणि जे टीचरनी कधी शिकवलं नव्हतं ते मी विचारलं, “डिड यू कॉल हिज नेम?”

तो रडायला लागला. त्याच्या तुटक बोलण्यातून कळलं, हरेश्वर हे नाव जहाजावर कोणालाच म्हणता यायचं नाही. माझा मुलगा सारखा गावाच्याच गोष्टी सांगायचा, म्हणून सगळे त्याला अर्नाळा म्हणायचे. “वुई शाउट, मदर. ऑल डे. अर्नाळा, अर्नाळा.” त्यानं ते तोंडाशी हात धरून मला करून दाखवलं.

फोन बंद झाल्यावर मालक म्हणाले, “काय बोलला गो?”

मी म्हटलं, “फिरलं जहाज. उशिरा फिरलं.”

त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली. दोरा काही ओवता येईना.

हाका मारल्याचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. पाण्यात असताना त्याला त्या ऐकू आल्या का? गावाचं नाव ऐकून किनारा आला असं वाटलं का त्याला? हे मला इंग्रजीत बरोबर विचारता येतं. ‘डिड’ आधी घालते, बाकीचं मोकळं सोडते. टीचरनी प्रश्न शिकवला… पण विचारू कोणाला?