आमच्या काचेतले झिंगे

फडताळाच्या माथ्यावर एक वस्तू ठेवली की तिच्यावर दुसरी चढते आणि बघता बघता रास होते. आमच्या झिंग्यांच्या गोष्टींचं तसंच झालं. चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "सांगा ना हो, ती सालांची गोष्ट." आता सालांची सांगायची तर आधी काचेची सांगावी लागते, काचेची सांगितली की जनीची, आणि तव्यावरची भाकरी करपते.

तर लढाईची वर्षं. आमचे हे मुरबाडच्या दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टरांनी रद्दीत टाकलेल्या एका इंग्रजी मासिकात यांनी वाचलं, की काचेच्या टाकीत झिंगे पाळता येतात, आणि नीट पाळले तर त्यांना पिल्लंही होतात. झालं, माणूस कामातून गेला.

पण लढाईमुळे बाजारात काच मिळेना. मी चार दिवस माहेरी गेले होते. परत येऊन बघते तर भिंतीवर मामंजींचा फोटो बिनकाचेचा. शेजारी सासूबाई, त्यांच्या शेजारी आत्याबाई, सगळे उघडे! आणि मधल्या खोलीत पत्र्याच्या चौकटीत त्याच काचा सुताराची लांबी लावून बसवून यांनी टाकी केलेली.

"अहो, मामंजींवर धूळ बसेल," मी म्हटलं.

"बसू दे. जन्मभर शेतात राबले ते. धुळीला भिणारे नव्हेत."

*

आमची आळी माळकऱ्यांची, तिथे मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. नदीत फडक्याने झिंगे धरणारी जनी दर आयतवारी आमच्या मागच्या वाटेने बाजाराला जाई. माहेर डोळखांबकडचं, जीभ फटकळ. यांनी तिला थांबवलं. तिने लगेच वाटा मांडला.

"इतके नकोत. दहाच दे. पण जिवंत हवेत, आणि एकाचाही पाय मोडलेला नको."

"दहात काय व्हनार? कालवन तोंडाला बी लागायचं नाय."

"खायला नकोत गं. पाळायचेत."

जनीने यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "बाय, तुजा घरधनी बरा हाय ना?"

दहा झिंगे टाकीत सोडले आणि दिसेनासे झाले. अंग असं आरपार की मागची भिंत दिसावी. दिसायचे ते डोळ्यांचे काळे ठिपके आणि पोटात गेलेलं शित. खोटं कशाला सांगू, पोळपाट बाजूला ठेवून मीही बघत बसायची.

*

तेव्हा औषधाच्या बाटलीला डोस कळावा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत. पाणी किती आटतं ते समजावं म्हणून यांनी तशीच एक लांब पट्टी टाकीला लावली.

एका सुट्टीच्या दिवशी सिद्धगडाच्या पायथ्याचा एक म्हातारा खोकल्याचं औषध मागायला घरीच आला. टाकीसमोर बसला, पट्टी पाहिली, तोंड उतरलं.

"दादा, येवढं समदं मलाच?"

हे आत पुड्या बांधत होते. त्यांनी न ऐकताच "हो हो" म्हटलं.

म्हातारा टाकीत वाकून बघत म्हणाला, "आनि यात काय वळवळतंय?"

"झिंगे आहेत."

म्हाताऱ्याने पट्टीवरच्या खुणा बोटाने मोजल्या. मग म्हणाला, "जेवनाआधी घेऊ का जेवनानंतर?"

*

पुढे मात्र हसू आटलं. झिंगे जगेनात. दहा आणावेत, आठ दिवसांत सगळे आडवे. हे मागच्या तगरीखाली त्यांना पुरत आणि आयतवारी जनीला पुन्हा हाक मारत. पिल्लांचं तर नावच नको.

त्यात सालांचं झालं. झिंगा वाढताना सापासारखी कात टाकतो. मिशांसकट, पायांसकट अख्खी साल तरंगत राहते. मी ती उचलून केरात टाकायची. शेजारच्या भागीरथीबाईंनी तो केर पाहिला. दुपारपर्यंत आळीभर झालं, की कंपाउंडरीण झिंगे सोलते.

त्याच आठवड्यात आळीत एक लग्न होतं. आमची दोघांची पानं पंगतीपासून दोन हात लांब मांडली. मी पानातला भात नुसता चिवडत होते. यांनी जिलबी दोनदा मागून घेतली.

"अहो, कळतंय का तुम्हाला, का लांब बसवलंय?"

"कळतंय. पण जिलबी तीच आहे."

दुसऱ्या दिवशी घरमालक अण्णा आले. गळ्यात तुळशीची माळ, आळीत त्यांचा शब्द शेवटचा. ओटीवर उभं राहूनच बोलले, "पाळतो म्हणता ना? पाळलेलं वाढतं. माझी गाय वाढते, भागीरथीची मांजर वाढते. तुमचेच झिंगे दर आठवड्याला संपतात कसे? दिवाळीपर्यंत पिल्लं दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा."

नऊ वर्षांचा संसार होता त्या खोलीत. आणि हा डाग घेऊन मुरबाडात दुसरी खोली दिली कुणी असती? मी रात्री रडले आणि सकाळी चिडले. म्हटलं, आता पिल्लं झाल्याशिवाय हे झिंगे सोडायचे नाहीत.

*

गणपतीच्या सुमारास आमची तांब्याची कळशी गळायला लागली. डाग द्यायला शहापूरच्या तांबटाकडे धाडली. आठवड्यात देतो म्हणाला आणि महिना लावला. तोवर मी मडक्यातलं पाणी वापरत होते, टाकीतही तेच घालत होते.

पहिला आठवडा गेला, झिंगे जिवंत. दुसरा गेला, तिसरा गेला, तरी जिवंत. यांनी जनीला हाक मारणं बंद केलं.

कळशी परत आली. रात्रभर भरून ठेवली, सकाळी नेहमीसारखं टाकीत पाणी ओतायला गेले, आणि हात तिथेच थांबला. तांब्यातलं पाणी पवित्र, मुक्या जिवांना चांगलंच द्यावं म्हणून मी ते सोवळ्याने घालत होते. तांब्याचं पाणी झिंग्यांना विष, आणि त्यांना मारत होते ती मीच!

मी रडत रडत यांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मासिकात जे लिहिलं नव्हतं ते तू चुलीपाशी बसून शोधलंस." तेवढ्यावर मी महिनाभर हवेत होते.

दसऱ्याला मोठ्या मादीच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसली. ती पायांनी त्यांना सारखा वारा घालायची. मोठे झिंगे पिल्लं खातात असं मासिकात होतं, म्हणून मी तिला लोणच्याच्या बरणीत वेगळी ठेवली. दहाबारा दिवसांनी बरणीत धुळीसारखं काहीतरी नाचायला लागलं. आईला परत टाकीत सोडलं आणि त्या धुळीला मी तळ्यातलं हिरवं पाणी चमचा-चमचा पाजलं.

*

वसुबारसेच्या सकाळी अण्णा आळीतल्या दहा माणसांना घेऊन आले. बरणीत डोकावले आणि म्हणाले, "रिकामी आहे."

मी आतून माझी काळी चंद्रकळा आणली आणि बरणीच्या मागे धरली. उन्हात बारीक बारीक ठिपके चमकायला लागले, जोडीजोडीने. भागीरथीबाई मोजायला बसल्या. चाळिसापर्यंत पोचल्या आणि चुकल्या.

"जगली हो सगळी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघवेना म्हणून पदराने बरणीच पुसायला लागल्या.

अण्णा म्हणाले, "सकाळी विकत आणली असतील."

नेमकी जनी मागच्या वाटेने चालली होती. तिला टोपलीसकट आत बोलावलं. तिने बरणी पाहिली आणि हसत सुटली. "येवढाले बारके? माज्या फडक्यातनं निसटतील. असले कोन इकनार?"

"यांना शेवटचे झिंगे कधी दिलेस?" अण्णांनी दरडावून विचारलं.

"गनपतीपासून एक नाय दिला."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी मान ताठ केली. नऊ वर्षांत त्या ओटीवर मी एवढी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

भागीरथीबाईंना मात्र एक कोडं सुटेना. अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "मग जने, गणपतीपासून दर आयतवारी भरली टोपली घेऊन तू आमच्या आळीत थांबतेस, ती कुणासाठी?"

जनीने आश्चर्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुनासाठी म्हंजे? ह्ये काय, अण्णा हायेत ना. मागल्या दारी वाटी घेऊन उभेच असतात."