ओल्या दुपट्ट्यातला डबा

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिली मुलगी मी. त्याची शिक्षा अजून भोगते आहे. सगळ्या नात्यागोत्याचे कागद माझ्याकडे. मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, मामाचा सातबारा, भाच्याची जात वैधता, कुणाच्या लेकराच्या नामकरणाचे दोनशे फोटो, त्यातले निम्मे हललेले. ॲडमिशनच्या दिवसांत फोन वाजला की नाव न बघता मला कळतं, "ताई, ते व्हॅलिडिटीचं पाठव ना जरा." मी वर्गात शिकवत असले तरी पाठवायचं. नाही पाठवलं तर ताई मोठी झाली.

हे सगळं माझ्या एका क्लाउड खात्यात पडलेलं असे. खातं फुगत गेलं आणि मेल सुरू झाले. जागा भरली, काहीतरी काढा, नाहीतर आणखी जागा घ्या. सकाळी उठावं तर मेल, शाळेतून यावं तर मेल. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली माझी.

काढणार तरी काय? मामाचा सातबारा काढला असता तर मामाने मला नात्यातून काढलं असतं. आणि बाबांचा आवाज तर काढायचा प्रश्नच नव्हता.

बाबा आंजीला, आमच्या गावी, शेती करायचे आणि मी नोकरीमुळे वर्ध्यात. मोबाइलवर टाइप करणं त्यांना कधी जमलं नाही, पण बटण दाबून बोललं की पोरीला ऐकू जातं हे कळल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. प्रत्येक निरोप "हालो" म्हणून सुरू. "हालो, डाळ एसटीनं पाठवली, स्टँडवर जाऊन घेजो." "हालो, आज लय ऊन आहे, दुपट्टा बांधून जाजो." कधी बोलणं संपलं तरी रेकॉर्डिंग चालूच राही, मग पुढे भांड्यांचे आवाज, शेळीचं ओरडणं आणि आईशी चाललेली त्यांची कुरबुर. तेव्हा मी हे अर्धेमुर्धेच ऐकत असे. फोन बदलला तेव्हा मात्र ते सगळे निरोप त्याच खात्यात टाकून ठेवले होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी बाबा गेले आणि आईला मी वर्ध्याला घेऊन आले. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की आई म्हणते, "लाव ना." मी त्यांचा एक निरोप लावते. ती पदर सावरून ऐकते, संपला की कप उचलते आणि कणीक भिजवायला जाते. दुसरा मागत नाही.

डब्याची अक्कल धाकट्या भावाची. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. "काऊन दुसऱ्याच्या घरी सामान ठेवून राह्यली ताई? आपल्या घरी ठेव ना," म्हणाला आणि एक काळा डबा पाठवून दिला. घरच्या वायफायला जोडायचा, सगळं त्यात भरायचं. आत दोन डिस्क. जे एकीत तेच दुसरीत, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. तो व्हिडिओ कॉलवरून सांगणार आणि मी टेबलाखाली वायर धरून वाकलेली. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? कितीतरी दिवस ते सामान उतरत होतं. मध्येच लाइट जायची, मध्येच नेट. शेवटी सगळं आलं असं त्याने स्वतः तपासलं आणि म्हणाला, "आता तिकडचं उडव." मी उडवलं. कचरापेटीही रिकामी केली. मेल थांबले आणि मला खरंच हायसं वाटलं.

आईला मी समजावून सांगितलं. बाबांचा आवाज आता बाहेर कुठे नाही, आपल्याच घरात आहे, ह्या डब्यात. फक्त बटण बंद करायचं नाही आणि डबा तापू द्यायचा नाही, तापला की बिघडतो. आईने मान डोलावली. रोज सकाळी ती बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो पुसते, तसा खालच्या फळीवरचा डबाही पुसू लागली.

मग मे आला. वर्ध्याचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी नळाचं पाणी अंगावर घ्यायची सोय नसते. कूलर हॉलच्या खिडकीत, डबा समोरच्या कोपऱ्यात, आणि कूलरची हवा तिथवर काही पोचत नव्हती. आई अधूनमधून, कपाळावर ठेवतात तसा, डब्यावर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, "ताव आहे याले." मी म्हणायचे, "राहू दे, तेवढं चालते."

त्या दुपारी मी पेपर तपासून घरी आले. दार उघडताच जळका वास. पंखा बंद, कूलर बंद, मेन स्विच पडलेलं. कोपऱ्यातल्या डब्याला बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळलेला होता. ओला, थबथबलेला. आमच्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात, वरून थोडं थोडं पाणी शिंपडतात, अगदी तसा. फळीवरून पाणी खाली ठिबकत होतं आणि आई शेजारी तांब्या घेऊन बसली होती.

मी ओरडले. आधी तिला शॉक लागला असता या भीतीने, आणि मग त्या डब्यासाठी. "आई, हे काय करून ठेवलं तूनं?"

"गरम झालता," आई म्हणाली. "तूच म्हणे तुहे बाबा याच्यात आहेत. त्याईले उन्हाळ्यात नोती का मी दुपट्टा टाकत?"

टाकत होती. शेवटच्या आजारात, अशाच मे महिन्यात, दिवसभर त्यांच्या अंगावरचा दुपट्टा पिळून पिळून पुन्हा टाकत होती. मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि खाली बसले.

भावाला फोन केला. आई बरी आहे ना, हे विचारलं त्याने, तेवढं चांगलं केलं. मग म्हणाला, "ताई, दुसरीकडं कॉपी ठेवली होती ना?" उडव म्हणणारा हाच. मी फोन ठेवून दिला.

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात डबा नेला. दुकानदाराने तो खोलला, आतलं पाणी टिपलं आणि सांगितलं की डबा गेला, एक डिस्कही गेली, दुसरीचं बघतो, पण भरवसा देत नाही. तोवर नात्यातले फोन चालूच होते. सगळं जळलं म्हणून सांगितलं की पलीकडून, "मंग आता?" मला काय माहीत, मंग आता!

आईने "लाव ना" म्हणणं बंद केलं. चहा झाला की कप विसळायची आणि खिडकीत जाऊन बसायची. डब्याच्या जागेकडे बघत नसे. आणि एक गोष्ट मला उशिरा ध्यानात आली. स्वयंपाकघरातल्या माठाचं फडकं वाळून कडक झालं होतं. तिने ते ओलं करणंच सोडलं होतं. ऐन मेमध्ये आम्ही दोघी कोमट पाणी पीत होतो. मी ते भिजवू शकले असते, पण माझा हात तिकडे गेला नाही. ते काम तिचं होतं.

आठवडा उलटून गेल्यावर दुकानातून फोन आला. दुसरी डिस्क वाचली होती. मी सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं. आनंद व्हायला हवा होता, पण ऊन एवढं आणि मी एवढी दमलेली की ऑटोत नुसती डोळे मिटून बसले.

संध्याकाळी चहा झाला. आईने कप उचलायच्या आधी, तिला न विचारता, हाताला लागला तो निरोप लावला.

"हालो," बाबा म्हणाले. शेजारच्या वावरात रानडुकरं शिरली होती, त्याची हकिकत झाली. पुढे येजो, जाजो, तब्येतीले जपजो. निरोप संपला, पण रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. खाट करकरली. पेला ठेवल्याचा आवाज आला.

"काय वं," बाबा तिकडे आईला म्हणत होते, "पानी गरम येऊन राह्यलं. माठाचं फडकं सुकलं वाट्टे."

आई उठली. "सुकलंच आहे," म्हणाली. आत गेली. बादलीत फडकं बुडवल्याचा, पिळल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. फोनमधलं रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं.

"थांबा आता जराकसे," आई आतून म्हणाली. "लगेच थंडं नाई होत."