पाचवा कोट

थंडी संपत आली की धुलाईच्या दुकानात कोट यायला लागायचे. आधी दिवसाला एखाददुसरा, मग चार, मग असे ढीग की गल्ल्यामागची मालकीण दिसेनाशी व्हायची. सहा महिने ज्या कोटाला माणसं जिवापाड जपतात, तोच कोट दोन दिवस ऊन पडलं की त्यांना नकोसा कसा होतो, हे टाचणी पाच वर्षं बघत आली होती. कोट धुवायला जाण्याआधी खिसे रिकामे करायचे काम तिचं. कुणाच्या खिशात एकटाच हातमोजा, कुणाच्या चिकट झालेल्या खोकल्याच्या गोळ्या, कुणाच्या किल्ली. एकदा तर कवळी निघाली होती. सगळं कागदी पाकिटात घालून वर नंबर टाकायचा, आणि मग लोंबणारी बटणं, उसवलेली अस्तरं आणि भोकं पडलेले खिसे यांच्या मागे लागायचं.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. काम करताना तोंडात टाचण्या धरायची तिला सवय, त्यामुळे 'हूं' आणि 'उंहूं' एवढ्यावरच तिचा अर्धा दिवस निघायचा. तिच्याबरोबर खोली वाटून राहणारी नर्स तिच्याच मुलखातली, तिच्याच बोलीची. तिने हे नाव पाडलं. वर म्हणायची, "बारीक आहेस, गप्प आहेस, आणि टोचतेस ते नेमकं."

दुकान रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. टाचणीचं मशीन मागच्या खिडकीशी, आणि त्या खिडकीतून माणसं फक्त गुडघ्यापासून खाली दिसायची. पहिल्या वर्षी तिला ते फार विचित्र वाटलं होतं. मग सवय झाली. कोण घाईत आहे, कोण दुखऱ्या पायाचं आहे, कुणी नवे बूट घेतलेत, सगळं तिला कळायचं. तोंडं कुणाची माहीत नव्हती.

या दुकानाचा एक नियम होता. वर्ष उलटून गेलं तरी ज्याचा मालक आला नाही तो कोट बेवारस. असे कोट टांगलेली दांडी मालकीण थंडीच्या शेवटी रिकामी करायची. टाचणी नवीन होती त्या साली मालकीणबाईने एक राखाडी लोकरी कोट तिच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "घे. पोरगी आहे ना तुला? कापून लहान कर."

पोरगी होती. मुंगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. नवरा गेला, आणि वर्षभराने टाचणी इकडे परदेशात आली तेव्हा मुंगी साडेसहा वर्षांची होती. तिला थोरल्या बहिणीकडे ठेवलं. थोरलीला मूलबाळ नव्हतं, जीव लावणारी होती. निघताना टाचणीने मुंगीला सांगितलं होतं, "थंडी संपली की तुला घेऊन जाते."

मग राहायच्या परवान्याच्या कागदांचं सुरू झालं. आधी हिचे कागद, ते झाल्याशिवाय मुंगीचे नाहीत. हिचे होईपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक थंडी संपताना कुठल्या तरी टेबलावर कुठला तरी कागद अडायचा, आणि टाचणी दांडीवरचा एक बेवारस कोट उचलून मुंगीसाठी पुढच्या थंडीचा कोट कापायला बसायची. सातव्या वर्षाचा राखाडी, आठव्याचा निळा, नवव्याचा चॉकलेटी, दहाव्याचा पुन्हा निळा. माप कुठलं? वयाप्रमाणे मापांचा एक तक्ता मशीनवर चिकटवलेला होता, आणि उरलेलं तिच्या डोळ्याने. चारही कोट खोलीच्या दारामागे एकावर एक लटकत होते. बटणं लागलेली, काज केलेली, एकदाही न घातलेली.

"तुझ्या दारामागे चार पोरी उभ्या आहेत," नर्स म्हणायची, "आणि एकीलाही आत ये म्हणत नाहीस."

"तोंड आवर," टाचणी म्हणायची. टाचण्या नसल्या की तिला बोलता यायचं.

यंदा मात्र कागद आले. हिचे आले, पाठोपाठ मुंगीचेही आले. मेअखेरपर्यंत पोरीने देशात पाऊल ठेवायचं, एवढीच अट. टाचणी ते पाकीट घेऊन चार पायऱ्या उतरली ती जवळजवळ घसरतच. दुकानातल्या इस्त्रीवाल्याने वाफेची इस्त्री बाजूला ठेवून तिचे दोन्ही हात हातात घेतले. तोही परक्याच मुलखातला, साठी ओलांडलेला, इथली भाषा तिच्याइतकीच मोडकी बोलणारा. तो म्हणाला, "आता खरं माप मागव."

तिने मागवलं. थोरलीला निरोप धाडला: खांदा, छाती, बाही. दोन दिवसांनी आकडे आले. खांदा साडेचौदा, छाती एकतीस, बाही साडेबावीस.

टाचणीला हसू फुटलं. साडेअकरा वर्षांच्या पोरीचा खांदा साडेचौदा? तक्त्यात तो तेरा होता. आणि थोरलीने उभ्या जन्मात टेप नीट धरला नव्हता. सासऱ्यांच्या सदऱ्याचं माप तिने एकदा शिंप्याला सांगितलं होतं, तर बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या आणि म्हातारा त्या सदऱ्यात दोन्ही हात हरवून ओसरीवर बसला होता. टाचणीने वहीत आकडे उतरवले, मग त्यांवर आडवी रेघ मारली आणि बाजूला आपले लिहिले. तेरा, अठ्ठावीस, वीस. पोरगी वाढीची, म्हणून वर अर्धा इंच.

इस्त्रीवाला डोकावला. "आलेल्या मापाने काप."

"तू तुझी इस्त्री बघ," ती म्हणाली. "माझी पोर आहे. रोज बघते मी तिला."

रोज बघायची हे खरं. फोनमध्ये मुंगीचं कपाळ दिसायचं, एक डोळा दिसायचा, आणि वर गरगरणारा पंखा. मुंगीला फोन लांब धरायला आवडायचं नाही. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." "वेणी घालता येते का एकटीला?" "येते." मग पंखा फिरत राहायचा.

यंदाचा कोट लाल होता. दांडीवरचा सगळ्यांत चांगला, जाड, आणि कुणी फार न वापरलेला. टाचणीने दोन जेवणाच्या सुट्ट्या घालवून तो उसवला, खडूने आखला आणि कात्री चालवली. लोकरीत कात्री चालते तेव्हा दळण दळल्यासारखा आवाज येतो. तिला तो फार आवडायचा. रविवारी दुकान बंद असताना ती मुद्दाम आली, कच्चे टाके घातलेला कोट पुतळ्याला चढवला आणि घरी फोन लावला.

"मुंगे, बघ!"

पंखा. कपाळ. "छान आहे."

"असं नाही. तो फोन मावशीकडे दे आणि लांब जाऊन उभी राहा. मला बघू दे कसा दिसेल."

"कशाला?"

"अगं, ऊठ की. लाजतेस काय मला?"

तिकडे थोडी ओढाताण झाली. फोन थोरलीच्या हातात गेला, थोरली मागे मागे सरकली, आणि दाराच्या चौकटीशी एक पोरगी उभी राहिली.

टाचणीला क्षणभर वाटलं, शेजारची कुणी आलीय. दाराच्या कडीच्या कितीतरी वर डोकं. लांब हात, कोपरांची टोकं बाहेर आलेली. खांदे अवघडून पुढे घेतलेले, अचानक उंच झालेल्या पोरी घेतात तसे. केस कानापर्यंत कापलेले. मोजायचं नाही म्हटलं तरी टाचणीच्या डोळ्याने मोजलंच. साडेचौदा. अर्धा इंच इकडे नाही, अर्धा इंच तिकडे नाही.

"मापं कुणी घेतली होती?" तिने विचारलं.

"मीच," मुंगी म्हणाली. "मावशीने नुसता टेप धरला. तीनदा घेतली. तूच शिकवलं होतंस, तीनदा घ्यायचं म्हणून."

पुतळ्यावरचा लाल कोट एकाएकी बाहुलीचा वाटायला लागला.

"छोटा आहे तो," मुंगी म्हणाली.

"कच्चा आहे अजून. आत कापड आहे, सोडता येतं."

"किती?"

टाचणीला खोटं बोलायचं होतं. पण माप विचारल्यावर तिच्या तोंडून खोटा आकडा निघेना. "अर्धा इंच," ती म्हणाली.

मग मुंगी म्हणाली, "आई, मला नाही यायचं."

"अगं, असं काय बोलतेस आईला!" थोरली ओरडली, आणि फोन हलला.

"ताई, बोलू दे तिला. का गं?"

"दर वर्षी मी वर्गात सांगायची, थंडी संपली की मी जाणार. सगळ्या जणी हसतात आता. मला म्हणतात, गेली का गं तुझी थंडी? आणि तू विचारतेस, वेणी घालता येते का. माझे केस कापून दोन वर्षं झाली."

"मला वाटलं मागे बांधलेत."

"बघ."

टाचणीला म्हणायचं होतं, तुझ्यासाठीच तर. पण ते वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्याला काही धार उरली नव्हती. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सोमवारी ती आली तेव्हा इस्त्रीवाल्याने तिच्या मशीनखाली चिंध्यांची पिशवी सरकवून ठेवली होती. "शनिवारचा कचरा मी टाकला नाही," तो म्हणाला. बस्स, एवढंच. 'सांगितलं होतं' म्हणाला असता तर तिने कात्री फेकून मारली असती.

तिने लाल पट्ट्या काढल्या, जुळवून पाहिल्या. खांद्यावर जोड, बाहीला जोड, पाठीत जोड. हाताने झालं असतं, पण चार हात लांबूनही कुणालाही कळलं असतं की हा कोट आधी चुकीचा कापला होता. तिने पट्ट्या पुन्हा पिशवीत भरल्या आणि दिवसभर लोकांची बटणं लावली. खिडकीतून पाय जात होते. बरेचसे जाड बूट नाहीसे झाले होते. गटाराच्या कडेला बर्फाचं एक काळं, गलिच्छ ढेकूळ तेवढं उरलं होतं, आणि लोक त्याला वळसा घालून जात होते.

संध्याकाळी दुकान मिटताना ती मालकिणीसमोर उभी राहिली.

"मला रजा हवी. सहा आठवडे."

"आत्ता?" मालकिणीने कोटांच्या डोंगराकडे हात केला. "डोकं ठिकाणावर आहे ना? पावसाळ्यात छत्रीवाला रजा मागतो का?"

"आत्ताच हवी."

"मुलीला आणायला?"

टाचणीने हातातल्या टाचण्या एकेक करून टाचण्यांच्या उशीत खुपसल्या. "येईल की नाही, माहीत नाही."

"मग कशाला जातेस?"

"बघायला. पाच वर्षांत अख्खी पाहिली नाही मी तिला."

मालकीण बराच वेळ चष्मा पुसत राहिली. ती दुष्ट नव्हती, पण मऊही नव्हती. "सहा आठवडे तुझं मशीन झाकून ठेवते. सातव्या सोमवारी दुसरीला बसवीन. मग रडत येऊ नकोस."

"उंहूं," टाचणी म्हणाली. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला. मुंगीने उचलला. पंखा, कपाळ.

"मी येतेय. वीस तारखेला."

"मला न्यायला?"

"तुला भेटायला."

"तो कोट आणू नकोस."

"नाही आणत."

"आल्या आल्या बॅग भरायला लावशील."

"नाही लावणार. पण एक सांगते, ते ऐक. कागदांना तारीख आहे, मेअखेर. ती गेली तर पुन्हा मागावे लागतील. मिळतील, नाहीतर नाही मिळणार. आणि सहा आठवड्यांनी मला परत यावं लागेल. तू आलीस तरी, नाही आलीस तरी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"वाटलं, तू लहान आहेस."

फोन हळूच मागे गेला. कपाळाखाली दुसरा डोळा दिसला, मग नाक, मग हनुवटी. थोरलीसारखी हनुवटी झाली होती. पोरीने फोन पुन्हा जवळ ओढला नाही.

"मी येईन असं म्हणत नाहीये हं," मुंगी म्हणाली.

"कळलं."

"पण येतेस तर मला एक शर्ट शिवून आण. साधा. उगाच झालर-बिलर नको. माप आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"तेच धर."

फोन ठेवल्यावर टाचणीने वही काढली. आपल्या आकड्यांवर काट मारली आणि पोरीच्या आकड्यांखाली रेघ ओढली. स्वतःसाठी घेऊन ठेवलेलं निळं सुती कापड टेबलावर पसरलं, टाचण्या तोंडात धरल्या, आणि खडू उचलला. खांद्याशी आल्यावर हात आपोआप आत वळला. सवय. तेराच्या खुणेवर खडू टेकतोय न टेकतोय तोच वाफेपलीकडून इस्त्रीवाल्याचा आवाज आला.

"साडेचौदा."

"हूं," टाचणी म्हणाली, आणि खडू दीड इंच बाहेर सरकवला.