मनीषाचं खोगीर

टेक्सासचं घर सोडलं त्या दिवशी मी घरात एकटा होतो, आणि तसं असावं अशी व्यवस्था मीच केली होती. सईला दोन दिवस तिच्या मैत्रिणीकडे राहायला पाठवलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या खोलीचे खोके होताना बघायला लागू नयेत, असं मी सगळ्यांना सांगत होतो. सकाळी पॅकर्स आले. दुपारपर्यंत स्वयंपाकघर आणि वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. गराजमध्ये लाकडी स्टँडवर मनीषाचं खोगीर होतं. पॅकर्सपैकी एकाने विचारलं, हे पण सिंगापूरला जाणार का. मी म्हटलं, नाही, ते न्यायला वेगळं कोणीतरी येणार आहे.

तीनच्या सुमारास एक बाई पिकअप ट्रक घेऊन आली. मी टाकलेली जाहिरात बघून तिने मेल केली होती. उन्हाने रापलेली, बोलकी बाई होती. खोगिरावरून हात फिरवत म्हणाली, फार छान राखलंय, तुमच्या मिसेसचं का? मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, त्या आता राइड करत नाहीत का? मी नाही म्हटलं. आम्ही दोघांनी ते उचलून तिच्या ट्रकमध्ये एका जुन्या कांबळ्यावर ठेवलं. ती गेल्यावर मी गराज झाडून काढलं.

संध्याकाळी सईला आणायला गेलो. गाडीत बसल्यावर तिने पहिला प्रश्न तोच विचारला, खोगीर कुठंय. मी म्हटलं, "दिलीपकाकाच्या गराजमध्ये ठेवलंय. परत आलो की घेऊ."

हे वाक्य मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं.

चिंचवडला राहिलेल्या आणि टेक्सासला राहिलेल्या माझ्या माणसांना मी एवढी वर्षं एकच सांगत आलो, की सिंगापूर आम्हाला मानवलं. आता खरं काय झालं ते सांगतो.

मनीषा माझ्यासारखीच चिंचवडची. आमच्या दोघांच्याही घराण्यात कोणी घोड्याला हात लावलेला नव्हता. खोगीर हा शब्द मला इतिहासाच्या पुस्तकापुरता आणि लेखातल्या खोगीरभरतीपुरताच माहीत होता. टेक्सासला गेल्यावर तिसऱ्या वर्षी ऑफिसातल्या कोणाबरोबर तरी ती एका रँचवर गेली आणि परत आली ती वेगळीच बाई होऊन. दर शनिवारी जायला लागली. पुढे स्वतःचं जुनं खोगीर विकत घेतलं. तिकडच्या गुराख्यांचं असतं तसं, मोठं, जड, खोल बैठकीचं, पुढे पकडायला उभी मूठ असलेलं. त्याला सॅडल म्हटलं की ती चिडायची. सई चार वर्षांची झाल्यावर मनीषा तिला आपल्यापुढे बसवायची. सईचे दोन्ही हात त्या मुठीवर, मनीषाचा डावा हात लगामावर आणि उजवा सईच्या पोटाभोवती. "पाठ ताठ, खांदे सैल, खाली बघायचं नाही," हे तिचं वाक्य मी कुंपणापलीकडून शेकडो वेळा ऐकलं असेल. मी गाडीत लॅपटॉप घेऊन बसलेला असायचो. त्या दोघींचं ते जग होतं आणि मला त्यात कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. मीच गेलो नाही.

मनीषाचं आजारपण सात महिन्यांचं होतं. ती गेल्यानंतर सई तिच्या खोगिरावर बसायला लागली. त्या वसंतात तिचे पाय रिकिबीपर्यंत नीट पोचत होते, म्हणजे ते तिला नेमकं बसायला लागलं होतं. शनिवारी ती रँचवर जाऊन यायची, मग गराजमध्ये बसून तासभर त्या चामड्याला तेल लावायची. दार अर्धं उघडं असायचं. आत मनीषाचा वास यायचा, म्हणजे घोड्याचा, चामड्याचा आणि तिचा मिळून जो काही झाला होता तो. मी गाडी बाहेर रस्त्यावर लावायला लागलो.

त्याच सुमारास माझ्या आईचा चिंचवडहून फोन आला. म्हणाली, "पोरीला घेऊन जवळ ये. आणि मनीषाच्या वस्तू तिच्यासमोर ठेवू नकोस. रोज बघेल आणि रोज रडेल." कंपनीत सिंगापूरची जागा निघाली होती. तिथून पुण्याला सकाळी निघालं की संध्याकाळी पोचता येतं. मी हो म्हटलं. साड्या, पुस्तकं वाटून टाकली. खोगिराबद्दल मी स्वतःला कारणं दिली. सिंगापूरला तसलं राइडिंग कोणी करत नाही, सगळं इंग्लिश पद्धतीचं. दमट हवेत चामड्याला बुरशी येईल. ही कारणं खोटी नव्हती. पण सई त्या खोगिराकडे बघून कधी रडली नव्हती. बघवत नव्हतं ते मला.

२०१३ साली आम्ही सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागात फ्लॅट घेतला, भाड्याचा, दहाव्या मजल्यावर. ऑफिस अलेक्झांड्राला, चालत जाण्यासारखं. सई इंटरनॅशनल स्कूलला. पहिले चार महिने ती शाळेतून येऊन पडदा ओढून झोपायची. विचारलं तर म्हणायची, इट्स हॉट, बाबा. मग मीच एक राइडिंग स्कूल शोधून काढलं आणि तिला घेऊन गेलो. तिथे शिकवायला मिस टॅन होत्या. पन्नाशीच्या, काटक, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. त्यांनी सईला एका छोट्या, सपाट, हलक्या खोगिरावर बसवलं. घोडा चालायला लागला तसा सईचा हात पुढे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. परत गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मिस टॅन म्हणाल्या, "दिस वन नो हँडल, लाह. टू हँड्स ऑन द रेन्स."

एका हाताने लगाम धरायची तिची सवय होती. घोडा मानेला लागलेल्या लगामाने वळतो हेच तिला माहीत. इथे दोन हात, दोन लगाम, घोड्याच्या तोंडाशी सतत हलका ताण. पाय आखूड, गुडघे वाकलेले, आणि घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक दुसऱ्या पावलाला उठायचं. तिथल्या लहान मुली हे सहज करत होत्या. सईचा चेहरा लाल झाला होता. पण घरी येताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, म्हणाली, पुढच्या शनिवारी जाऊ. मला वाटलं, जमलं.

सहा महिन्यांनी मिस टॅननी सुचवलं की तिला कोको नावाचा घोडा अर्धा भाड्याने घ्या, म्हणजे आठवड्यातले काही दिवस तो तिचा. कोको शर्यतीतून निवृत्त झालेला, सडपातळ, खांद्याशी उंच हाड असलेला. स्कूलची खोगिरं त्याला टोचायची, म्हणून आपलं वेगळं खोगीर आणायला हवं होतं.

हे काम मी अंगावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या त्या जगात शिरत होतो. ऑफिसात व्हेंडर निवडतो तशी एक्सेल शीट केली. बैठकीचं माप मांडीवरून घ्यायचं. पुढच्या कमानीखाली आणि घोड्याच्या हाडामध्ये दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. लगामाची कडी तोंडात मऊ हवी, कारण आता घोड्याला हाताचा ताण सतत जाणवणार. रिकिबीच्या पट्ट्याचा अंदाज असा, की बोटांची टोकं खोगिराला टेकवून हात लांब केला तर रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे. दुकानात मी सईचा हात असा लांब करून धरला होता. ती शिंप्यासमोर उभं राहावं तशी निमूट उभी होती. तिचा हात कोपरापासून बोटांपर्यंत हुबेहूब मनीषाचा झाला होता. मला तो सोडवेना.

दुकानात दोन खोगिरं कोकोला बसतील अशी होती. एक खोल बैठकीचं, गुडघ्यांपुढे जाड उशा असलेलं. सई त्यावर बसली आणि तिने डोळे मिटले. म्हणाली, हे घेऊ या, हे थोडंसं आपल्यासारखं आहे. दुसरं सपाट, मोकळं. मी मिस टॅनना फोन केला. त्या म्हणाल्या, खोल घेतलंत तर ती जुनंच शोधत राहील, स्वतःचा तोल शिकणार नाही. मला ते पटलं. म्हणजे मला जे हवं होतं तेच त्या बोलल्या. मी सपाट घेतलं.

सईने वाद घातला नाही. खोगिराची पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "ओके. तसंही परत गेल्यावर आईचं आहेच."

त्या क्षणी सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी दुकानदाराला विचारलं, इथल्या हवेत याला किती दिवसांनी पुसायचं.

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं. सई शिकली. उड्या मारायला लागली, आधी जमिनीवरचे बांबू, मग गुडघ्याएवढे अडथळे. शाळेतल्या मुलींसारखी वाक्यामागे सिंगापुरी लाह, लेह लावत बोलायला लागली. मी कुंपणाजवळ उभा राहून व्हिडिओ काढायचो, आईला पाठवायचो. आई म्हणायची, बघ, मी म्हटलं नव्हतं. मला वाटायचं ते खोटं आता आपोआप विरून जाईल, कोणी विचारणारच नाही.

मग टेक्सासचा माझा मित्र दिलीप कामानिमित्त सिंगापूरला आला. रविवारी दुपारी आम्ही त्याला घराजवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवायला नेलं. सईने त्याच्यासाठी रांगेत उभं राहून चिकन राइस आणला. टेबलाशी बसता बसता तिने विचारलं, "काका, आईच्या खोगिराला तेल लावता ना तुम्ही? गराजमध्ये फार सुकतं ते."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं. तो सज्जन माणूस, त्याला खोटं सुचलं नाही. म्हणाला, "कुठलं खोगीर, बेटा?"

सई माझ्याकडे वळली. "तू विकलंस?"

"हो."

"कोणाला?"

मी म्हटलं, एका बाईला, ट्रक घेऊन आली होती. तिने नाव विचारलं. मला नाव आठवत नव्हतं. मेल मी तेव्हाच पुसून टाकली होती. सई वाट बघत राहिली, जणू मी आठवतोय. दिलीप चमचा हातात धरून बसला होता. शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "तू तिचं नावसुद्धा ठेवलं नाहीस." आणि जेवायला लागली. तिने सगळं जेवण संपवलं, दिलीपला मुलांबद्दल विचारलं, त्याला बसस्टॉपपर्यंत सोडलं. रडली नाही, आवाज चढवला नाही.

पुढच्या शनिवारी ती उठली नाही. त्याच्या पुढच्याही. मी जाहिरातीच्या साइटला लिहिलं, माझं खातं कधीच बंद झालं होतं. दिलीपने बिचाऱ्याने तिकडे घोड्यांच्या दाणावैरणीच्या दुकानांत फोटोसकट कागद लावले. दोन फोन आले, दोन्ही वेगळ्याच खोगिरांबद्दल. मिस टॅन एकदा घरी आल्या, सईशी दार बंद करून बोलल्या, जाताना मला म्हणाल्या की तिला घोड्याचा राग नाहीये. कोको दुसऱ्या एका मुलीला गेला, आणि त्याचं खोगीरही मी तिलाच देऊन टाकलं. ते देताना सईला आधी विचारलं. ती म्हणाली, इट्स युअर्स. डू व्हॉट यू लाइक.

त्यानंतर ती माझ्याशी इंग्रजीतच बोलली. उद्धटपणे कधीच नाही. भूक लागलीय, उशीर होईल, फी भरायची तारीख, असं सगळं नीट सांगायची. मी माफी मागितली, दोनदा. दोन्ही वेळा तिने "इट्स ओके" म्हटलं आणि दोन्ही वेळा मला कळलं की ते ओके होणार नाही. एकदा चिंचवडला गेलो असताना आईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, बापाने तुझ्यासाठीच केलं गं. सई आजीच्या मांडीवरून उठली नाही. मला मात्र ओरडून सांगावंसं वाटलं की तिच्यासाठी नव्हतं केलं. तेही सांगितलं नाही.

अठराव्या वर्षी ती शिकायला टेक्सासला गेली. निवडीबद्दल मला विचारलं नाही. चांगी एअरपोर्टवर तिने मला मिठी मारली, ती मारावी लागते म्हणून नाही, पण पटकन सोडली. तिकडे ती पुन्हा राइड करते की नाही हे मला माहीत नाही. दिलीपला विचारायचा धीर होत नाही.

मी अजून क्वीन्सटाउनलाच आहे. नोकरीचा पास रिन्यू होतो, फ्लॅटचा करार रिन्यू होतो. वर्षातून दोनदा चिंचवडला जातो. आई आता फारसं ऐकू येत नसल्यामुळे कमी बोलते. तिकडच्या शेजाऱ्यांच्या लेखी मी परदेशातला आणि इकडच्या शेजाऱ्यांच्या लेखी मी इंडियातला. दोघांचंही बरोबर आहे.

सईचा फोन रविवारी सकाळी येतो, तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, "डिसेंबरच्या सुट्टीत घरी येशील का?"  ती मराठीत बोलली, कित्येक वर्षांनी.

"बाबा, कुठल्या घरी?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं मी कशाबद्दल बोलतोय. चिंचवडचं घर तिचं कधी नव्हतं. टेक्सासच्या घरात दुसरे लोक राहतात. आणि हे, मी उभा होतो ते, इथे मी तिच्याशी दोन वर्षांहून जास्त रोज खोटं वागलो. मी बाल्कनीत गेलो, परत आत आलो. ती फोनवर थांबली होती. मला उत्तर सुचलं असतं तर तिने ऐकलं असतं, असं अजून वाटतं.

मी विचारलं, तिकडे थंडी पडली का. ती म्हणाली, "यॅ, अ लिटल."