आबांनी पाहिलेला घोड्यांचा सिनेमा

कारखान्याचा हंगाम संपला की आमच्या घरी चहातलं दूध बंद व्हायचं. आई म्हणायची, कोऱ्या चहानं तोंडाला चव राहते. ते खरं नव्हतं, पण आम्ही मान डोलवायचो.

हंगामात आम्ही सोमेश्वरनगरला असायचो. गाडीतळाच्या कडेला, ऊसतोड्यांच्या कोप्यांना, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांना, लागून आमचीही एक कोपी. माझे वडील, आबा, बैलांना पत्री मारायचे. उसाची गाडी ओढून डांबरी रस्त्यावर बैलाचे खूर झिजतात, म्हणून खुराखाली लोखंडाची पट्टी ठोकतात, ती पत्री. खुराचे भाग दोन, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या. उभ्या बैलाला हे काम करता येत नाही. दोर टाकून त्याला आधी पाडावं लागतं, मग चारही पाय एकत्र बांधायचे. मी बैलाच्या मानेपाशी बसून त्याच्या डोळ्यांवर पोतं धरायची. डोळे झाकले की बैल गप पडतो. त्याचा श्वास माझ्या मांडीला लागायचा. अंगाला शेणाचा वास इतका बसलेला असायचा की शाळेत माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसत नसे.

पुढं ट्रॅक्टर वाढले, बैलगाड्या कमी झाल्या. त्यातच एका बैलानं आबांच्या खुब्यावर लाथ मारली. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. आम्ही आमच्या गावी, शेळगावला, कायमचे परत आलो. आई द्राक्षाच्या बागेत रोजानं जाऊ लागली आणि आबा ओट्यावर बसू लागले.

बारावीनंतर मी बारामतीच्या कॉलेजात नाव घातलं. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. रांगेत माझ्या पुढच्या मुलीनं शिक्षक लिहिलं होतं, तिच्या पुढचीनं बँक. मी लिहिलं, ‘नोकरी, साखर कारखाना’. फॉर्म सहीसाठी घरी आणला. आबांनी त्या ओळीखालून बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. बोट शेवटच्या अक्षरावर थांबलं.

“सही कुठं करू?” एवढंच विचारलं.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी कधी मान खाली घातली नाही. वडिलांचं काम सांगताना मात्र घातली. बारामतीतल्या एका लहान संग्रहालयात मला सहायकाची नोकरी लागली. जुनी नाणी, वीरगळ, शेतीची अवजारं, असं तिथं सगळं. तिथंही कुणी विचारलं की मी तेच सांगायची, वडील कारखान्यात होते.

एका वर्षी आमच्या संचालक मॅडमनी जुन्या वेस्टर्न सिनेमांची मालिका ठरवली. अमेरिकेतली माळरानं, घोडे, गुरांचे कळप, कमरेला बंदूक लावलेली माणसं. महिन्यातून एका रविवारी चार वाजता एक सिनेमा, असे सहा, आणि प्रत्येकानंतर पुण्याहून आलेल्या अभ्यासकाबरोबर चर्चा. खुर्च्या लावणं आणि सुरुवातीला कथा मराठीत वाचून दाखवणं माझ्याकडं. पहिल्या रविवारीच पडद्यावर गुरांचा कळप नदी ओलांडताना पाहिला आणि वाटलं, यावर मला बोलता येईल. चर्चा करणारे प्रकाशावर बोलले, नायकाच्या एकटेपणावर बोलले. गुरांवर कुणी बोललं नाही.

मी मॅडमना म्हणाले, “शेवटच्या रविवारी मला बोलायचंय. जनावरांवर.”

“तुमचा अभ्यास आहे का त्याचा?”

उत्तर तोंडात होतं. गाडीतळ, दोर, पोतं. मी म्हणाले, “वाचन आहे.”

“वाचन सगळ्यांचंच असतं हो,” मॅडम म्हणाल्या. त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी आबा बारामतीत डोळ्यांच्या शिबिराला आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एस.टी.ला वेळ होता, म्हणून मी त्यांना सभागृहात शेवटच्या रांगेत बसवलं, पिशवीसकट. खरं सांगते, शेवटची रांग मी मुद्दाम निवडली होती.

सिनेमात पाठलाग होता. वीस-पंचवीस घोडी धुरळा उडवत येतात, गोळी सुटते आणि पुढचं घोडं तोंडावर आपटतं. चर्चेत पुण्याचे अभ्यासक त्याच प्रसंगावर बोलत होते. घोडेस्वारीचं कसब किती होतं, पडणं किती खरं वाटतं, वगैरे. तेवढ्यात मागून आवाज आला.

“सायेब, त्या घोड्याला गोळी लागल्याली न्हाय.”

सगळे वळले. आबा उभे होते, एका हातानं पुढची खुर्ची धरून.

“सिनेमाच आहे तो, आजोबा,” कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

“ते मला बी कळतंय. मी घोड्याचं बोलतोय. ठेचाळल्यालं जनावर आधी मान वर करतंय, सावराय बघतंय. ह्याचं पुढचं दोनी पाय एकदमच थांबलं. पायाला दोर हाय. न्हायतर तार. पळत्या जनावराला असं पाडत्यात व्हय? मान मोडली आसंल त्याची.”

हसणं थांबलं. अभ्यासकांनी चष्मा काढला. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “त्या काळी घोड्यांच्या पायांना तारा बांधून पाडत. बरीच मरायची. हे मी आधीच सांगायला हवं होतं.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही हे नुसतं बघून कसं ओळखलंत? काय काम करत होता आपण?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांना मी नीट दिसत तरी होते का, ठाऊक नाही. त्यांनी शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं,

“नोकरी. साखर कारखाना.”

आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं उभी होते, हातात माईक होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. आभार मानले आणि खुर्च्या उचलायला लागले.

स्टँडवर शेळगाववरून जाणारी इंदापूरची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. शेवटी मीच विचारलं, “आबा, असं का सांगितलंत?”

“तूच लिवलं हुतंस की. मी सही केलीय त्याच्यावर.” मग म्हणाले, “डॉक्टर म्हणला, तुमाला दिसत न्हाय. म्हणलं बरं.”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, “माझे वडील कारखान्यात नोकरीला नव्हते. ते बैलांना पत्री मारायचे. मी बैलांच्या डोळ्यांवर पोतं धरायची. हाच माझा अभ्यास.”

मॅडमनी विचारलं, “मग काल का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“शेवटचा रविवार तुमचा,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून ठेवलं.

तो रविवार येईपर्यंत आबांनी अंथरूण धरलं. खुबा, मग छाती. बारामतीला आणणं शक्य नव्हतं. मी हत्यारं मागितली तेव्हा त्यांनी खाटेखालचं पोतं दाखवलं. “गंजल्यात ती. बाजार भरवणार हायीस काय त्यांचा?”

सहाव्या रविवारी मी टेबलावर हातोडी, चिमटा आणि आठ पत्र्या मांडल्या. पडद्यावरची जनावरं कशी पाडली जातात आणि आमच्या गाडीतळावर कशी पाडली जायची, ते पाऊण तास सांगितलं. आबांचं नाव घेतलं, काम सांगितलं, फॉर्मवरच्या खोट्याचंही सांगितलं. आवाज कापला नाही. रिकाम्या शेवटच्या रांगेकडं मात्र मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेळगावला जाऊन आबांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

“खिळा कसा मारायचा ते सांगितलंस?”

“खुरात मारायचा, असं सांगितलं.”

“तिरपा. टोक भाईर निगालं पायजे. आत जिवंत जागा असती, तितं लागला की जनावर जलमभर लंगडतंय. ते सांगितलंस का?”

“ते राहिलं, आबा.”

“मग काय सांगितलंस,” ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

महिन्याभरात ते गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंच नाही.

संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात, काचेच्या पेटीत, आता हातोडी, चिमटा आणि आठ पत्र्या ठेवल्या आहेत. पाटी मी लिहिली आहे. खिळा तिरपा मारायचा आणि त्याचं टोक खुराच्या बाहेर काढायचं, हे तिच्यावर आहे. वर आबांचं पूर्ण नाव आहे आणि नावाखाली त्यांचा व्यवसाय: बैलांना पत्री मारणे.