पांतालेओनेचे कान

पोझितानो ते आमाल्फी या रस्त्यावर पांतालेओनेने सव्वीस वर्षं बस चालवली. त्यातली एकोणीस वर्षं मी त्याच्या मागे उभा राहून तिकिटं फाडली. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. डावीकडे कडा, उजवीकडे खोल समुद्र, मधे जेमतेम एका बसपुरती वाट. आमच्याकडे वळण कानांनी घेतात. भोंगा द्यायचा, थांबायचं, पलीकडून उत्तर आलं तर जागीच उभं राहायचं. पर्यटक खिडकीतून फोटो काढण्यात दंग, त्यांना यातलं काही कळत नाही.

त्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, पलीकडचा भोंगा त्याला ऐकूच येत नाही. विचारलं तर माझ्यावरच उखडला. मग न बोलताच ठरून गेलं. उत्तर आलं की मी त्याच्या खांद्यावर थाप मारायची. तो मागे वळून बघायचा नाही, पण ब्रेक दाबायचा.

मला झोप लागेना. डेपोत सांगावं तर त्याची नोकरी जाणार, न सांगावं तर गाडीतली चाळीस माणसं. शेवटी त्याच्या बायकोला गाठलं. त्रोफिमेना अंगणात लिंबं पुसत बसली होती.

"पेन्शनला आठ महिने राहिलेत, अनिएल्लो. तू तोंड उघडू नकोस."

"मग हल्ली बाजाराला एवढ्या पायऱ्या उतरून का जातेस? बसने का येत नाहीस?"

"गुडघ्यांना बरं असतं," ती म्हणाली आणि लिंबं पुसत राहिली.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मिलानच्या एका बाईने विचारलं, मागे दिसतंय ते बेट कुठलं. मी वाकून तिला दाखवत होतो, तेवढ्यात पलीकडून भोंगा वाजला. माझा हात पोचेपर्यंत बस वळणात शिरली होती. करकचून ब्रेक लागले. समोरच्या बसचं नाक आमच्या काचेपासून वीतभर अंतरावर होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पांतालेओने खुशीत होता. "बघितलंस? येतं मला ऐकू. तुझ्या थापांची गरज नाही."

त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. समोरच्या बसच्या काचेवरून उन्हाची तिरीप कड्यावर पडली, ती त्याला दिसली. ऊन होतं म्हणून आम्ही वाचलो.

डेपोत मी गप्प बसलो. संध्याकाळी सालेर्नोकडून आभाळ भरून आलं. माझी मुलगी इमा आमाल्फीच्या एका हॉटेलात कामाला होती, रोज आमच्याच बसने जायची. जेवताना तिला म्हटलं, "उद्यापासून होडीने जा."

"का? पांतालेओनेकाकांशी भांडलात?"

"होडीने जा म्हटलं ना."

तिने पाव सूपमध्ये बुडवला. एका माणसाला सांगून झालं होतं. बाकीच्या एकोणचाळीस जणांची बस सकाळी सातला सुटणार होती, आणि मी गणवेशाला इस्त्री करायला घेतली.